वृद्धनिवासात औषधं देताना हात नेमके कधी स्वच्छ करायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही वृद्धनिवासात नव्याने रुजू झाला आहात. सकाळच्या फेरीत एकट्याने २८ जणांना औषधं द्यायची असतात. प्रशिक्षणात शिकवलं होतं की प्रत्येक माणसाच्या आधी आणि नंतर हात धुवायचे. म्हणून तुम्ही दर वेळी व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या बेसिनपर्यंत जाता. त्यामुळे फेरी लांबते, नऊच्या गोळ्या साडेदहाला पोचतात आणि वरून बोलणी खावी लागतात. हातांची कातडी फुटून चुरचुरते ते वेगळंच. जुन्या सहकारी मात्र सुरुवातीला हातमोज्यांची एक जोडी चढवतात आणि त्याच जोडीत अख्खी फेरी उरकतात. "मोजे घातलेत ना, मग धुवायचं कशाला?" असं त्यांचं म्हणणं. यात बरोबर कोण आणि वेळेत बसेल अशी पद्धत कोणती, हे तुम्हाला हवं आहे.

मी २२ वर्षं वृद्धांच्या शुश्रूषेत आहे आणि त्यातली बरीचशी औषधांची ट्रॉली ढकलण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या सहकाऱ्यांची पद्धत धोक्याची आहे, ती आजच थांबायला हवी. तुमचा हेतू बरोबर आहे, पण तुम्ही निवडलेला मार्ग महिनाभरसुद्धा टिकणार नाही. हात इतके फुटतील की तुम्हीच टाळाटाळ करू लागाल. मी हे अनेक चांगल्या मुलींच्या बाबतीत होताना पाहिलं आहे आणि त्यात दोष त्यांचा नव्हता.

"किती वेळा" या प्रश्नाने आपण अडकतो. माझ्या मते विचारायचं ते हे: कोणत्या दोन स्पर्शांच्या मध्ये हात स्वच्छ झाले पाहिजेत? वृद्धनिवासात दिवसभरात बरेच जण काम करतात. मावशी चार-पाच खोल्या सांभाळतात, फिजिओथेरपिस्ट ठरावीक लोकांनाच भेटतात, डॉक्टर अधूनमधून येतात. तिथल्या प्रत्येक माणसाला तास-दोन तासांत गाठणारी व्यक्ती एकच, औषधं देणारी. म्हणून एखाद्या खोलीतला जंतू बाकीच्या सत्तावीस जणांपर्यंत न्यायचा असेल, तर आपल्या हातांइतकी सोयीची वाट दुसरी नाही. शिवाय आपण ज्यांच्याकडे जातो त्यांची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, कोणाला मधुमेह, कोणाला लघवीची नळी, कोणी वर्षभरात चार वेळा अँटिबायोटिक्स घेतलेली. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू अशा ठिकाणी वस्तीला असतात, आणि ते अंगावर घेऊन वावरणारा माणूस वरून ठणठणीत दिसू शकतो. कोणाच्या अंगावर काय आहे हे पाहून कळत नाही, म्हणून निवडक लोकांपुरती काळजी घेऊन भागत नाही.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. तुमच्याकडे प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे की एका दालनात सहा पलंग, ट्रॉली दारापर्यंत जाते की ट्रे हातात घेऊन फिरावं लागतं, सॅनिटायझर कुठे लावलेलं आहे, सध्या कुठली साथ आहे का, यावर तपशील बदलतील. तुमच्या संस्थेचे लेखी नियम असतील तर तेच पहिले. ते माझ्या सांगण्यापेक्षा कडक असतील तर कडकच पाळा.

आता मला ज्याने शहाणं केलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका सहकारी मुलीला फेरीत माझ्यामागे उभं केलं आणि माझा उजवा हात कशाकशाला लागतो ते लिहून घ्यायला सांगितलं. एका आजींपुरती यादी अशी झाली: किल्ली, खण, चार्ट, पेन, गोळ्यांची पट्टी, कागदी कप, दाराची मूठ, पडदा, पलंगाचा कठडा, आजींचा खांदा, त्यांचा पेला, त्यांची हनुवटी पुसलेला रुमाल, पुन्हा दाराची मूठ, पुन्हा पेन, चार्ट, पुढचा खण. यादी वाचताना मी रुमालापाशी थांबले. आजींची लाळ पुसलेला रुमाल आणि पेन यांच्यामध्ये मी हात स्वच्छ केलेच नव्हते. स्वच्छ केले होते ते पुढच्या खोलीत शिरताना. तोवर पेन, चार्ट आणि खणाची मूठ तिन्हींना ती ओल लागली होती. पुढच्या खोलीच्या दारात हात स्वच्छ केले खरे, पण त्याआधी त्याच हाताने पुढच्या आजोबांची गोळी काढून झाली होती. मी हात वारंवार स्वच्छ करत होते. फक्त चुकीच्या जागी करत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, कुठलंही स्वच्छ किंवा निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-लाळ अशा शरीरातल्या द्रवांशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. औषध काढणं, तयार करणं हे दुसऱ्या प्रसंगात येतं, हे बऱ्याच जणींच्या ध्यानात नसतं. पहिला प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, शेवटचा हमखास सुटतो. "मी आजींना हात कुठे लावला? नुसता पेला उचलला" असं आपण म्हणतो. पण पेला, कठडा, पडदा हे सगळं आजींच्याच खात्यात धरायचं.

यावरून फेरीचा जो क्रम मी बसवला तो असा. ट्रॉलीपाशी हातांना सॅनिटायझर चोळायचं. मग चार्ट बघायचा, औषध काढायचं, आत जायचं, नाव विचारून खात्री करायची, औषध द्यायचं, गिळल्याचं बघायचं. बाहेर येताना, ट्रॉलीला काहीही लागण्याच्या आत, पुन्हा सॅनिटायझर. मग चार्टवर सही आणि पुढच्या माणसाचं औषध. बाहेर येताना चोळलेलं सॅनिटायझर पहिल्या माणसाच्या नंतरचं असतं आणि दुसऱ्याच्या आधीचंही. मध्ये फोन घेतला, चश्मा सावरला, केस मागे सारले किंवा कोणाची चाकांची खुर्ची बाजूला केली, तर ते बाद झालं, पुन्हा चोळायचं. एवढी शिस्त पाळली तर ट्रॉली, चार्ट आणि पेन ही स्वच्छ हातांची जागा राहते.

हिशेब करून बघा. सॅनिटायझर चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. २८ माणसांना मध्यावरचे २५ सेकंद धरले तर ७०० सेकंद, म्हणजे जेमतेम बारा मिनिटं. त्यातलीही काही चालताना जातात, कारण पुढच्या दारापर्यंत जाताना हात चोळता येतात. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंतची ये-जा वेगळी. तुमचा दीड तास तिथे जातोय. हात दिसायला मळलेले नसतील तर अल्कोहोलचं सॅनिटायझर बहुतेक जंतूंवर साबणापेक्षा सरस काम करतं आणि कातडीलाही सोसवतं, त्यामुळे ही तडजोड आहे असं मनात आणू नका. त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के असलं पाहिजे, बाटलीवर लिहिलेलं असतं ते वाचा. बाटली ट्रॉलीलाच टांगलेली हवी. भिंतीवरची बाटली दहा पावलं लांब असेल तर घाईत ती वापरली जात नाही.

चोळण्याच्या बाबतीत एकच गोष्ट निक्षून सांगते. तळहातावर तळहात सगळेच चोळतात. सुटतात ती बोटांची टोकं, अंगठे आणि बोटांमधल्या फटी. आता विचार करा, गोळीची पट्टी आपण कशाने दाबतो, कपाच्या कडेला कशाने धरतो, डोळ्याची पापणी कशाने खाली ओढतो? बोटांची टोकं आणि अंगठाच. म्हणून मी मुलींना सुरुवातच तिथून करायला लावते: तळहातात सॅनिटायझर घेतलं की आधी दुसऱ्या हाताची पाची टोकं त्यात बुडवायची, मग हात बदलायचा, मग अंगठे मुठीत धरून फिरवायचे आणि मग बाकीचं. दोन्ही हात सगळीकडून २० सेकंद ओले राहतील इतकं घ्यायचं. बऱ्याच बाटल्यांचा एक दाब त्याला पुरत नाही. आणि आपोआप सुकू द्यायचं, गाउनला पुसायचं नाही. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून ठेवलेल्या आणि नखं कापलेली हवीत. नखं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असावीत असं सांगितलं जातं. चिकटवलेली नखं तर अजिबात नकोत.

हातमोज्यांबद्दल तुमच्या सहकाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एक प्रयोग करून दाखवा. आमच्याकडे प्रशिक्षणाला अतिनील दिव्याखाली चमकणारं लोशन आणलं होतं. मी ते एका रिकाम्या पलंगाच्या कठड्याला लावलं आणि एकीला मोजे घालून नेहमीसारखी लुटुपुटूची फेरी मारायला सांगितलं, सहा पलंगांची. मग खोलीत अंधार केला आणि दिवा फिरवला. चार्टचा कोपरा, पेनची टोपी, पाण्याच्या जगची मूठ, सहापैकी पाच कप, सगळं चमकत होतं. मोज्यांनी तिचे हात राखले, बाकी कोणालाच राखलं नाही. उघड्या हाताला काही चिकट, ओलं लागलं तर आपल्याला जाणवतं आणि आपण हात धुतो. मोज्यातल्या हाताला ते कळत नाही, म्हणून मोज्यातला हात जास्त बिनधास्त फिरतो. शिवाय मोज्यांना नजरेला न दिसणारी छिद्रं असू शकतात आणि काढताना मनगटाला घाण लागते, त्यामुळे काढल्यावर हात स्वच्छ करणं सुटत नाहीच. मोज्यांवरच सॅनिटायझर चोळून तीच जोडी चालवणं हाही उपाय नाही. नेहमीची तोंडाने घ्यायची गोळी देताना मोज्यांची गरजच नसते. रक्त, लाळ, जखम, श्लेष्मल त्वचा (तोंड, नाक, डोळे यांच्या आतली ओली त्वचा) यांच्याशी संबंध येणार असेल, मलम किंवा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) लावायचा असेल, गुदमार्गाचं औषध असेल किंवा औषधच हाताला घातक असेल, तेव्हा मोजे घालायचे. ते एका माणसाच्या एका कामापुरते, आणि काढल्याबरोबर हात स्वच्छ.

इथवरचं थोडक्यात: औषध काढण्याआधी स्वच्छ हात, खोलीतून बाहेर पडताना ट्रॉलीला लागण्याआधी स्वच्छ हात, आणि मोजे फक्त कामापुरते. आता यातल्या अडचणीच्या जागा.

पहिली अडचण खोलीत गेल्यावर येते. गोळ्या कपात काढून तुम्ही आत जाता आणि दिसतं की आजोबा घसरून आडवे झालेत, कवळी बाहेर काढून ठेवली आहे, अंगावरचं पांघरूण ओलं आहे. एका हातात कप, दुसऱ्या हाताने उशी सरकवायची, कवळी द्यायची आणि त्याच हाताने गोळी भरवायची, असं घडतं. म्हणून ज्यांना मदत लागते ते पाच-सहा जण ओळखून ठेवा आणि त्यांच्याकडे आधी रिकाम्या हाताने जा. बसवा, कवळी घाला, पाणी जवळ ठेवा, मग दारापाशी येऊन हात स्वच्छ करा आणि तेव्हा औषध काढा. एक जास्तीची खेप पडते, पण घशात गोळी अडकण्याचा धोकाही त्यातच कमी होतो.

दुसरी अडचण गोळीला बोट लागण्याची. पट्टीतली गोळी थेट कपात दाबायची. डबीतली असेल तर आधी झाकणात घ्यायची आणि झाकणातून कपात. हातात काही घ्यायचंच नाही. जमिनीवर पडलेली गोळी टाकून द्यायची आणि तशी नोंद करायची, फुंकर मारून परत कपात नाही. आणि एक प्रसंग सगळ्यांना ओळखीचा असेल: आजी गोळी तोंडात घेतात, कडू लागते, जिभेने पुढे ढकलतात, ती ओठावर येते आणि आपण पटकन बोटाने आत सारतो. मायेपोटीच करतो, पण त्या क्षणी आपलं बोट त्यांच्या तोंडात गेलेलं असतं. त्यासाठी चमचा जवळ ठेवा. गोळी चमच्यात घ्या, पाण्याचा घोट द्या, पुन्हा द्या. बोट लागलंच तर तिथेच थांबा, हात धुऊन मग पुढे जा. लाळेने ओले झालेले हात नुसत्या सॅनिटायझरने भागवू नयेत.

गोळी फोडून द्यावी लागत असेल तर फोडायचं साधन प्रत्येक माणसानंतर पुसलं गेलं पाहिजे, नाहीतर एकाच्या औषधाची भुकटी दुसऱ्याच्या पोटात जाते. प्रत्येकाची गोळी वेगळ्या पिशवीत घालून फोडली तर आणखी बरं. कुठली गोळी फोडायची नाही हे फार्मासिस्टला विचारून घ्या. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आणि आतड्यात जाऊन विरघळाव्यात म्हणून वरून लेप दिलेल्या गोळ्या फोडायच्या नसतात. संधिवातावर, कर्करोगावर देतात ते मेथोट्रेक्सेटसारखं औषध तर उघड्या हाताने हाताळायचंच नाही.

तिसरी गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे, कारण ती कुठल्याच प्रशिक्षणात पुरेशी सांगितली जात नाही. औषध घेणाऱ्यांचे हात. आमच्याकडे एक आजी होत्या. त्या कपातून गोळी कधीच घेत नसत. तळहात पुढे करायच्या, गोळ्या त्यावर ओतून घ्यायच्या, बोटाने एकेक मोजायच्या आणि मगच तोंडात टाकायच्या. त्यांचा तो हक्कच होता, आपण काय खातोय ते मोजून बघण्याचा. पण तोच हात पाच मिनिटांपूर्वी शौचालयातल्या कठड्याला धरलेला असायचा. मी माझे हात कितीही स्वच्छ केले तरी त्या गोळ्या त्यांच्या हातावरूनच तोंडात जाणार होत्या. तेव्हापासून गोळ्या द्यायच्या आधी मी त्यांच्या हातावर सॅनिटायझर देऊ लागले, सुकेपर्यंत दोन शब्द बोलायचे, मग गोळ्या. ज्यांना सॅनिटायझर चोळणं जमत नाही किंवा जे हात तोंडात घालतात, त्यांचे हात साबणाच्या ओल्या कपड्याने पुसून घ्यायचे. जे स्वतःच इनहेलर घेतात, स्वतःच डोळ्यांत थेंब घालतात, त्यांच्या बाबतीत तर हे जास्तच लागू आहे.

आता साबण कुठे चुकवायचा नाही ते. हात दिसायला मळलेले असतील, लाळ-रक्त-शौच लागलं असेल, शौचालयातून आलात, तर साबण आणि पाणीच. उलट्या-जुलाबाची साथ असेल तेव्हाही साबणच. एका ठिकाणी मी काम करत असताना हे आम्ही चुकलो होतो. दोन दिवसांत एकाच मजल्यावरच्या सात जणांना उलट्या सुरू झाल्या. आम्ही सॅनिटायझर दुप्पट वापरायला लागलो, बाटल्यांवर बाटल्या संपल्या आणि तरी लागण पुढे सरकत होती. नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही आणि लागण व्हायला ते अगदी थोडे पुरतात. अँटिबायोटिक्सनंतर होणाऱ्या काही जुलाबांमागे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू (कठीण कवचातलं त्याचं सुप्त रूप) तर अल्कोहोलने मरतच नाहीत, चोळून आणि वाहत्या पाण्याखाली धुऊन ते हातावरून काढावे लागतात. अशा खोल्यांत मोजे घालून जायचं, मोजे खोलीतच काढायचे आणि साबणाने हात धुवायचे. ट्रॉली आत न्यायची नाही. त्या लोकांची औषधं फेरीच्या शेवटी ठेवायची, म्हणजे बेसिनच्या खेपाही एकदाच होतात. मात्र मधुमेहाच्या, फिट्सच्या (अपस्माराच्या) किंवा कंपवाताच्या औषधांना वेळेचं बंधन असतं. ती मागे ढकलायची नाहीत, त्यासाठी वेगळी खेप करायची. आणि आपल्यालाच उलट्या-जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावर ४८ तास ड्यूटीवर यायचं नाही. माणसं कमी आहेत म्हणून आलेली एक आजारी सिस्टर अख्खा मजला आजारी पाडू शकते.

एकाच माणसाला चार-पाच प्रकारची औषधं असतील तर स्वच्छाकडून मळकटाकडे जायचं. गोळ्या आणि डोळ्यांचे थेंब आधी, मग कातडीवरचं मलम किंवा पॅच, गुदमार्गाचं शेवटी. थेंबांच्या बाटलीचं टोक पापणीला, डोळ्याला किंवा बोटाला लागू द्यायचं नाही, आणि बाटली ज्याची त्यालाच, लेबल आणि उघडल्याची तारीख घालून. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. जुना पॅच काढला की चिकट बाजू आत घेऊन दुमडा, वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. नेब्युलायझरचा (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राचा) मास्क आणि कप ज्याचा त्याला, वापरल्यावर धुऊन हवेत कोरडा करायचा, ओला तसाच पिशवीत कोंबायचा नाही. जेवणाच्या नळीतून औषध देण्याची सिरिंजही प्रत्येकाची वेगळी आणि नाव लिहिलेली.

सुईच्या बाबतीत मात्र मी कोणाचंच ऐकून घेत नाही. साखर तपासायला बोट टोचतो ते पेन दोन माणसांत कधीही वापरायचं नाही. आतली सुई बदलली तरी नाही, कारण पेनच्या तोंडाला, झाकणाला दिसणारही नाही इतकं रक्त लागलेलं असतं. हिपेटायटिस बी या काविळीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस तग धरतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका वृद्धनिवासात ८ जणांना या काविळीची लागण झाली आणि त्यातले ६ दगावले. चौकशीत बोट टोचण्याची पेनं अनेक लोकांत मिळून वापरली जात असल्याचं आढळलं. ती माणसं साखर तपासून घ्यायला बसली होती, एवढंच. म्हणून एकदाच टोचून आपोआप निकामी होणारी लॅन्सेट (बोट टोचायची छोटी सुई) वापरा. ग्लुकोमीटर प्रत्येकाचा वेगळा असावा. तो शक्य नसेल तर प्रत्येक माणसानंतर कंपनीच्या सूचनेप्रमाणे निर्जंतुक करा. सूचनेत जंतुनाशकाने तो किती वेळ ओला राहायला हवा ते दिलेलं असतं, नुसता पुसून चालत नाही. या कामाला प्रत्येक माणसासाठी नवे मोजे, आणि काढल्यावर हात स्वच्छ.

इन्सुलिनच्या पेनचंही तसंच. टोचल्यावर थोडं रक्त मागे कार्ट्रिजमध्ये (पेनमधल्या औषधाच्या नळीत) ओढलं जाऊ शकतं. त्यामुळे सुई बदलली म्हणून पेन दुसऱ्याला चालत नाही. "यांचं संपलंय, त्यांच्यातून दोन युनिट दे" हे वाक्य मी ऐकलं आहे आणि त्याला ठाम नकार द्यायचा असतो, सांगणारी व्यक्ती कितीही ज्येष्ठ असो. व्हायलमधून (औषधाच्या छोट्या बाटलीतून) काढत असाल तर रबरी बूच ७० टक्के अल्कोहोलने घासून सुकू द्या, दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज. बरेच डोस असलेली व्हायल उघडल्यावर २८ दिवसांत टाकून द्यायची, कंपनीने वेगळं लिहिलं नसेल तर. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सुयांचा डबा तुमच्या हाताशी ट्रॉलीवर हवा आणि पाऊण भरला की बदलायचा.

ट्रॉलीसाठी मी एकच नियम ठेवला आहे: खोलीत गेलेली वस्तू परत ट्रॉलीवर येत नाही. कप, चमचा, पेला आतच राहतो किंवा कचऱ्यात जातो. ग्लुकोमीटर किंवा रक्तदाबाच्या पट्ट्यासारखं जे परत आणावंच लागतं, ते पुसल्याशिवाय टेकवायचं नाही. ट्रॉलीवर स्वतःचा चहा नको, फोन नको. पाण्याचा जग पेल्याच्या कडेला टेकवून ओतायचा नाही. फेरीआधी आणि नंतर ट्रॉलीचा वरचा भाग, खणांच्या मुठी आणि ते पेन पुसून घ्यायचं.

राहिले तुमचे हात. फुटलेल्या कातडीत जंतू जास्त टिकतात, म्हणून ही नाजूकपणाची तक्रार समजू नका, कामाचाच भाग समजा. बेसिनच्या खेपा कमी झाल्या की अर्धा त्रास कमी होईल. धुवाल तेव्हा गरम पाणी टाळा, हात घासून न पुसता टिपून कोरडे करा, ओल्या हातांवर मोजे चढवू नका आणि साबणानंतर लगेच सॅनिटायझर लावू नका, दोन्हींची एकत्र गरज नसते. पाळीत दोन-तीनदा आणि झोपण्याआधी साधं, बिनवासाचं क्रीम लावा. ड्यूटीवरचं क्रीम पेट्रोलियमचं नको, त्याने लॅटेक्सचे मोजे कमकुवत होतात. सुरुवातीचे काही दिवस सॅनिटायझर झोंबेल. ते झोंबतं कारण कातडी आधीच फुटलेली आहे, ती भरली की झोंबणं थांबतं. भेगांवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. भेगेतून पाणी किंवा रक्त येत असेल तर प्रभारी सिस्टरना लेखी कळवा आणि ती भरेपर्यंत टोचण्याची, जखमांची कामं दुसऱ्या कोणाला द्यायला सांगा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि वापरात असलेला साबण व मोजे यांची नावं सोबत लिहून न्या, कारण बऱ्याचदा त्यातल्याच एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी निघते.